रॉकेल, राख, निरमा : तेलकट, मळकट यंत्रं घरच्या घरी साफ करण्याचे अनुभव

शिडीवरची

काल माळा आवरताना बाबांचा पत्र्याचा डबा सापडला. झाकण उघडलं आणि तो वास आला. रॉकेल, ग्रीस आणि जुनं वर्तमानपत्र यांचा. आत त्यांच्या चेतक स्कूटरचा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग), बनियनच्या चिंधीत गुंडाळून वर सुतळी बांधलेली. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. मी बराच वेळ तिथेच बसून राहिले.

खंडेनवमीला आम्ही गावी जायचो. विहिरीवर आजोबांचं ५ हॉर्सपॉवरचं किर्लोस्कर इंजिन होतं, हँडल मारून चालू करायचं. आदल्या दिवशी बाबा ते साफ करायला घ्यायचे. तेल आणि धूळ मिळून बोटभर मळी साठलेली असायची. ती आधी बांबूच्या कामटीने खरवडायची, सुरीने नाही, सुरीचे ओरखडे राहतात. मग सुटे भाग घमेल्यात रॉकेलमध्ये. नटबोल्ट मात्र आजीच्या परातीत, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कडेकडेने गोल मांडायचे. ते काम माझं. परातीला वास लागतो म्हणून आजी दरवर्षी ओरडायची आणि दरवर्षी परात तीच असायची. मग निरम्याचं कोमट पाणी, दात घासायचा जुना ब्रश, उन्हात वाळवण आणि शेवटी तेलाचा हात. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ.

आता हा कार्बोरेटर मला स्वतःच्या हाताने साफ करायचाय. आमच्याकडे रेशनचं रॉकेल केव्हाच बंद झालं. तुम्ही घरातलं काय काय वापरलंत, काय चाललं, काय बिघडलं, लिहा. यंत्र कुठलंही चालेल.

घाटमाथा

रंगाच्या दुकानात टर्पेंटाईन मिळतं, तेच घ्या. रॉकेलचं काम अगदी तसंच करतं. डिझेलही चालतं पण मागे तेलकट थर राहतो, मग साबणाने दोनदा धुवावं लागतं.

वाटीभर छर्रे

सायकल! आमच्याकडे दर मे महिन्यात. चाकाच्या मधला हब खोलायचा, छर्रे वाटीत, वर रॉकेल. मागच्या चाकात एका बाजूला ९. मोजूनच वाटीत टाकायचे, मोजूनच काढायचे. एकदा एक कमी भरला तर भावाने अख्खी गॅलरी लोहचुंबक फिरवून शोधली, सापडला कुंडीत. काळं झालेलं रॉकेल फेकायचं नाही. बाटलीत दोन दिवस ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं नितळ परत वापरायचं. ग्रीस भरताना मात्र छर्रे कोरडे ठणठणीत हवेत.

पंचगंगा

ताई, कॉस्टिक सोड्याच्या नादाला लागू नका एवढंच सांगतो. चुलतभावानं स्कूटरचं हेड, म्हणजे इंजिनावरचं ॲल्युमिनियमचं झाकण, काढलं, काजळी निघंना म्हणून कॉस्टिकच्या बादलीत टाकून झोपला. रात्री बादली सूं सूं करायली, फेस वर. सकाळी बघतोय तर हेड काळं ठिक्कर आणि जिथं पॅकिंग (सांधा घट्ट बंद करणारी चकती) बसतं तिथं बारीक बारीक खड्डे. नवीन पॅकिंग घातलं, तरी कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, सुटायलंच. शेवटी हेड भंगारात. मामाचं हेड होतं ते, बोलणी लई खाल्ली त्यानं.

पण त्याच सोड्यानं सायलेन्सर झकास निघतो. टू स्ट्रोकचा सायलेन्सर काजळीनं चोंदला की गाडी ओढत नाही. लोखंडी असतो म्हणून चालतं.

शिडीवरची

बापरे, बरं झालं सांगितलंत. स्वयंपाकघरातला ड्रेन साफ करायचा सोडा काढून ठेवला होता मी.

सातवीब

तोच कॉस्टिक सोडा असतो. आत ठेवून द्या परत.

शाळेत रसायनशास्त्र शिकवते म्हणून जरा सविस्तर लिहिते. ॲल्युमिनियमवर ऑक्साईडचा पातळ थर असतो, तो त्याचं रक्षण करतो. कॉस्टिक सोडा पहिल्यांदा तोच खातो, मग खालचा धातू. वर येणारे बुडबुडे हायड्रोजनचे, म्हणजे पेट घेणारा वायू. बंद बाथरूममध्ये हा प्रकार अजिबात नको. कार्बोरेटर बहुधा ॲल्युमिनियमचा नाहीतर जस्ताच्या मिश्रधातूचा असतो, आणि जस्तही सोड्यात विरघळतं. लोखंडाला तेवढा त्रास नाही.

धुण्याचा सोडा सौम्य, पण जात तीच. धुण्याच्या पावडरीत तो असतोच. बाबांनी निरम्याच्या पाण्यात धुऊन लगेच काढलं, म्हणून काही झालं नाही. ॲल्युमिनियमचे भाग रात्रभर भिजत ठेवले असते तर डाग पडले असते. भांडी घासायचं लिक्विड घ्या, त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि ते धातूला सहसा इजा करत नाही.

आणखी एक. लिंबू, चिंच, व्हिनेगर ही आम्लं. ती गंज काढतात, पांढरे क्षार काढतात. ग्रीस काढत नाहीत. मुलं दरवर्षी हे उलटं लिहितात. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र कधीही करू नका, क्लोरीन वायू होतो.

परळकर

सातवीब ताई, बरोबर. काका रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये होते. गाडीच्या बोगी (डबा नव्हे, डब्याखालचे चाकांचे सांगाडे) कॉस्टिकच्या गरम पाण्याच्या हौदात बुडवून काढायचे, त्याला बॉश म्हणत. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन पुढे. एवढी मोठी लोखंडी बोगी, वर्षांची मळी, तासांत धुऊन निघायची म्हणे. पण काका घरी सोड्याला हात लावू द्यायचे नाहीत कुणाला. सोडा पाण्यात हळूहळू घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, उसळतं. हे वाक्य त्यांनी आम्हा भावंडांकडून पाठच करून घेतलं होतं.

दुपारचा चहा

मी स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या जाळीचं हेच केलं होतं!! ॲल्युमिनियमची जाळी, सोड्यात टाकली, काळी पडली ती पडलीच. आता कढत पाणी, लिक्विड आणि दोन चमचे खायचा सोडा, पंधरा मिनिटं. दर पंधरा दिवसांनी केलं तर तेल चिकटून बसत नाही. महिनाभर थांबलं की खरवडत बसावं लागतं. विषय इंजिनाचा आहे माहितेय, पण तेल ते तेलच ना.

मुरमुरे

@दुपारचा चहा बर्नरला काय करता? भोकं बुजतात माझी

दुपारचा चहा

पितळी आहेत का? लिंबू मीठ गरम पाण्यात, मग सुई. पूर्ण वाळल्यावरच लावा.

डेपोपलीकडे

वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. मला यंत्र साफ करण्याचा अनुभव नाही, त्यांचा गणवेश साफ करण्याचा आहे, तोही माझा नाही, आईचा. खाकी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत काळ्या यायच्या. आई आधी कोरड्या कपड्यावरच डागाला रॉकेलचा बोळा लावायची, पाणी लागू द्यायची नाही. पाणी लागलं की डाग बसतो म्हणायची. दहा मिनिटांनी साबणाची वडी घासायची, मग सोड्याच्या पाण्यात उकळवायची, मग दगडावर. आमचे कपडे वेगळे, बाबांचे वेगळे, बाबांची बादलीसुद्धा वेगळी.

त्या बादलीची कड आतून कायम काळी होती. आई गेल्यावर घर बदललं तेव्हा ती बादली टाकवेना. अजून आहे, तुळशीला पाणी घालायला.

शिडीवरची

डेपोपलीकडे, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. कोरड्यावर रॉकेल, हे माझी आजीही करायची.

सोडण आणि राख

आम्ही वेंगुर्ल्याकडचे. होडीला मागे लावायचं इंजिन असतं, त्याची कथा वेगळी. तिथे ग्रीसपेक्षा मीठ वैरी. समुद्रातून आलं की आधी गोडं पाणी आतून खेळवायचं, मगच बाकी सगळं. बाहेरचं तेल काढायला नारळाचं सोडण आणि चुलीची राख, भांडी घासतात तसं. फक्त राख बाहेरच्या पत्र्यालाच, जिथे भाग एकमेकांवर घासतात तिथे कणही जाता नये. पांढरे क्षार जमले तर व्हिनेगरचं फडकं आणि लगेच गोडं पाणी. शेवटी खोबरेल लावणारेही पाहिलेत, पण ते पुढे चिकट होतं नि धूळ धरतं. इंजिनाचं तेलच बरं.

गिरणीवाले

आमची पिठाची गिरणी आहे, यवतमाळकडे. ग्रीसमध्ये पीठ मिसळलं का कणकेसारखं होते पाहा. त्याला पाणी लावलं तर खळ होऊन जाते. आधी कोरडं खरवडा, मग डिझेलचं फडकं. पाणी नाहीच.

मंद वात

लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते.

माझा मामा. १९९४ ची गोष्ट. मोटरसायकलची चेन साफ करायला पेट्रोल घेतलं होतं, ताटलीत. मागच्या अंगणात. तिकडे आठ दहा हातांवर बंब पेटवलेला, आंघोळीचं पाणी तापत होतं. मामा म्हणायचा मी तर लांब बसलो होतो. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत जाते, दिसत नाही. बंबापर्यंत गेली आणि तिथून ज्योत उलटी आली. दोन्ही हात आणि मांडी भाजली. मामी गोधडी घेऊन धावली म्हणून वाचला. दीड महिना दवाखान्यात. बोटं पुढे पूर्ण मिटली नाहीत कधी.

चेन, कार्बोरेटर, काहीही असो, पेट्रोलने धुऊ नका. थंडीत तर नाहीच, कारण खिडक्या बंद असतात. रॉकेल, टर्पेंटाईनसुद्धा बाहेर, मोकळ्यावर, गॅस, निरांजन, उदबत्ती काही पेटलेलं नसताना.

घाटमाथा

वाईट वाटलं हो वाचून. मी वर टर्पेंटाईन सुचवलं तेव्हाच हे लिहायला हवं होतं. मामा कसे आहेत आता?

मंद वात

आहे मजेत, सत्तरी ओलांडली. नातवाची सायकल तोच साफ करतो, साबणाच्या पाण्याने.

वाटीभर छर्रे

मामांना नमस्कार सांगा __/\__

बर्फातला

कॅनडातून. इथे गवत कापायच्या मशीनचा कार्बोरेटर मी डिशवॉशरमध्ये लावला होता, बायको माहेरी गेली असताना. डिशवॉशरची पावडर चांगलीच तीव्र असते, हे तेव्हा डोक्यात नव्हतं. बाहेर आला तो राखाडी, हात लावला की बोटाला पूड. वर सातवीब यांनी लिहिलंय तेच झालं असणार. त्यानंतर भांड्यांचं लिक्विड आणि गरम पाणी, दुसरं काही नाही.

गॅरेजच्या फरशीवर ऑइल सांडलं तर इथे मांजराची वाळू टाकतात, रात्रभर ठेवून झाडतात. आमच्या सांगलीच्या गॅरेजात लाकडाचा भुसा टाकायचे, काम तेच.

मुरमुरे

भुसा हातालाही! गॅरेजवाले भुसा आणि साबणाने हात धुतात. माझा नवरा खोबरेल आणि साखर. आधी तेल चोळायचं, ग्रीस त्यात सुटतं, मग साखरेने घासायचं, मग साबण. नखांतलं पण निघतं. रॉकेलने हात धुऊ नका, कातडी फाटते.

पंचगंगा

साखरंचा भाव बघा की वहिनी :)

टाका दोरा

शिलाई मशीनला रॉकेल दोन थेंब, अर्धा तास रिकामी चालवायची, काळं पाणी पुसायचं, मग मशीनचं तेल. रॉकेल घालून तसंच शिवायला बसू नका, कापडाला डाग पडतो आणि मशीन कोरडी पडते. नुसत्या रॉकेलने वंगण होत नाही.

घाटमाथा

शिडीवरची, कार्बोरेटरचं एक राहिलं. जेटच्या, म्हणजे पेट्रोल सुटायच्या बारीक पितळी नळीच्या, भोकात स्टोव्हची पिन घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, मग गाडी पेट्रोल पीत बसते. केरसुणीची हीर नाहीतर वायरमधली तांब्याची एकच तार. नंतर सायकलच्या पंपाने हवा. रबराच्या रिंगा आणि फ्लोट (आतला तरंगणारा भाग) आधी काढून ठेवा, टर्पेंटाईनमध्ये टाकू नका, रबर फुगतं.

शिडीवरची

आज सकाळी गच्चीत बसले. कामटीने खरवडलं, टर्पेंटाईनमध्ये वीस मिनिटं, मग लिक्विडचं कोमट पाणी. पाणी पहिल्यांदा चहासारखं झालं, तिसऱ्यांदा स्वच्छ. वर्षानुवर्षांचं पेट्रोल सुकून तळाला हिरवट लाखेसारखं बसलं होतं, ते टर्पेंटाईनने नीट निघालं नाही, तिथे ब्रशने बराच वेळ गेला. पायलट जेट उजेडासमोर धरलं तर काहीच दिसेना. हीर घातली, पंप मारला, परत धरलं. टाचणीच्या टोकाएवढं आभाळ दिसलं त्यातून.

स्क्रू परातीत मांडले होते, माझ्याच. मुलीने क्रम सांभाळला. एका स्क्रूच्या खाचेत लाल रंग होता, तो बाबांनीच लावला असणार, का लावला कुणाला माहीत आहे का? बाकी कुठेच नाहीये.

पंचगंगा

हवा-पेट्रोलच्या मिक्चरचा स्क्रू आसंल. किती फेरे सोडायचा ते ठरलं की मेकॅनिक लोक खूण करतात, कुणी हलवू नये म्हणून. काढायच्या आधी फेरे मोजलात का?

शिडीवरची

मुलीने मोजले, दीड. वहीत लिहून ठेवलंय.

पंचगंगा

मग झालं की. बाबांचं सेटिंग हाय ते, तेवढ्यावरच ठेवा. पॅकिंग तेवढं नवीन घाला, जुनं परत लावू नका.