जुनी गूढकथा दुरुस्त करायची की तशीच ठेवायची?

कंदील
परवा एका गूढकथालेखकाची पोस्ट वाचली आणि तेव्हापासून डोकं तापलंय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सार सांगतो. हे गृहस्थ स्वतःच्या जुन्या दिवाळी अंकांतल्या कथा ऑडिओसाठी नव्याने करताहेत. वाड्यात मोबाईल आला, वर्णनं छाटली, मांत्रिकाच्या जागी समुपदेशक बसवला. इथवर त्यांच्या कथा, त्यांची मर्जी. पण पुढे ते म्हणतात की भयकथाकार नारायण धारपांच्या आणि रहस्यकथाकार बाबुराव अर्नाळकरांच्या कथांनाही हेच करायला हवं, नाहीतर त्या मरतील. वारसांनी आणि प्रकाशकांनी पुढाकार घ्यावा, असं आवाहनच केलंय.

मला हे अजिबात मान्य नाही.

गूढकथा चालते ती बातमी वेळेवर न पोचण्यावर. शेवटची एसटी गेलेली असते. तार पोचायला सकाळ होणार असते. परगावी फोन करायचा तर ट्रंककॉल बुक करून टेलिफोन एक्स्चेंजच्या मर्जीवर बसून राहायचं असतं. हे सगळं मागचं नेपथ्य आहे असं ज्याला वाटतं त्याने ही कथा आतून कधी उघडून पाहिलेली नाही. भारतात मोबाईलवरचा पहिला कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला. धारपांचं बहुतेक लेखन त्याच्या आधीचं. त्यांच्या माणसाच्या खिशात आज मोबाईल घातलात की पुढच्याच परिच्छेदात 'रेंज नव्हती' लिहावं लागतं, मग बॅटरी संपवावी लागते, मग मित्राचाही फोन घरी विसरावा लागतो. तिसऱ्या सबबीला वाचकाची भीती संपलेली असते.

आणि वर्णनं छाटायची म्हणे! धारपांची भीती उभीच मुळी त्या संथ सुरुवातीवर आहे. नोकरीतली बदली, भाड्याचं घर, सामान लावणं, शेजाऱ्यांशी ओळख. अघोरी शक्तींशी झुंजणाऱ्या समर्थांच्या कथांत तर निवेदक अप्पा किती निवांतपणे सांगत असतो. पानंच्या पानं काही होत नाही, म्हणून जेव्हा होतं तेव्हा अंगावर येतं. ते 'काही न होणं' कापून टाकलंत तर उरतं फक्त किंचाळणं.

माझ्या मते रस्ते दोनच. कथा आहे तशी छापा आणि खाली मूळ अंक व साल द्या. नाहीतर स्वतःची नवी कथा लिहा, स्वतःच्या नावावर, आणि कुणाचं ऋण आहे ते पहिल्या पानावर सांगा. जुन्या लेखकाच्या नावाखाली नवा माल नको.

रात्रपाळी
मी ऑडिओसाठी लिहितो, तेव्हा हे मलाही लागलं. उत्तर देतो.

धारप स्वतः काय करत होते? 'लुचाई' कुठून आली? स्टीफन किंगच्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट'वरून. अमेरिकेतलं मेन राज्य, तिथलं गाव, तिथलं चर्च, सगळं काढून टाकलं आणि आपली माणसं आणली. 'आजी' ही किंगच्या 'ग्रामा'वरची. त्या 'आजी'तून पुढे २०१८ चा 'तुंबाड' सिनेमा निघाला, आणि शीर्षक घेतलं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून. एका कथेचे इतके अवतार झाले, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी तिच्यात हात घातला म्हणून झाले. तुमच्या नियमाने चाललं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं.

दुसरं. बीबीसीने २०१० मध्ये 'शेरलॉक' मालिकेत कॉनन डॉयलच्या शेरलॉक होम्सला मोबाईल दिला. तिथे कुणी 'रेंज नव्हती' म्हटलं नाही, उलट मेसेज हाच तपासाचा भाग केला. मूळ कथेत त्याचा मित्र वॉटसन अफगाणिस्तानातल्या युद्धातून जखमी होऊन येतो, नव्यातही तिथूनच येतो, फक्त युद्ध सव्वाशे वर्षांनंतरचं. अशी जागा सापडली तर बदल करायला काय हरकत आहे?

कंदील
तुम्ही माझीच बाजू मांडताय. धारपांनी किंगचं नाव मुखपृष्ठावर ठेवून आत गाव बदललं नाही. स्वतःचं नाव लावलं, जबाबदारी स्वतः घेतली. बीबीसीनेही कॉनन डॉयलच्या पुस्तकात खाडाखोड केली नाही, वेगळी मालिका केली. मूळ पुस्तक शाबूत आहे. पोस्टवाले लेखक जे सुचवताहेत ते हे नाही.

नागझरी
थांबा. 'जबाबदारी स्वतः घेतली' म्हणजे काय? आणि किंगचं ऋण?
शाळेत असताना 'लुचाई' वाचून मी रात्री पाणी प्यायला उठत नव्हतो. पुढे कॉलेजात एका मित्राने 'सेलम्स लॉट' हातात ठेवलं. अर्ध्यात आलो आणि फसवलं गेल्यासारखं वाटलं. ज्या लेखकावर मी जीव टाकला त्याच्याबद्दल मला हे दुसऱ्याकडून कळावं? तुमचा ऋणाचा नियम मग धारपांनाही लावा. आवडत्या लेखकाला सूट नको.

खारावारा
हे दर वेळी निघतं. अहो, मराठीत हे धारपांपासून सुरू झालं नाही. आगरकरांचं 'विकारविलसित' म्हणजे हॅम्लेट, १८८३. देवलांचा 'झुंझारराव' म्हणजे ऑथेल्लो, १८९०. 'संशयकल्लोळ'चं मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरपर्यंत जातं. गो. ना. दातारांनी इंग्रजी कादंबरीकार रेनॉल्ड्स इतका मराठी केला की आमच्या आजोबांना 'कालिकामूर्ती' इथलीच वाटायची. रूपांतर हा आपल्या वाङ्मयाचा अर्धा पाया आहे. परदेशी पुस्तक मिळत नव्हतं, परवडत नव्हतं, तेव्हा या माणसांनी ते आपल्या ओटीवर आणून ठेवलं. आज घरबसल्या किंग मागवणाऱ्यांनी त्यांना चोर ठरवू नये.

नागझरी
चोर मी म्हटलेलं नाही, माझ्या तोंडी घालू नका. पुलंनी 'ती फुलराणी' केली तेव्हा शॉचं 'पिग्मॅलियन' लपवलं का? भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला तो व्हर्न म्हणूनच. त्याने त्यांची उंची कमी झाली? उलट आमच्या पिढीला व्हर्न हे नाव त्यांच्यामुळे कळलं. सांगणारेही होते, हे लक्षात घ्या.

खारावारा
पुलंचा वाचक वेगळा, फिरत्या वाचनालयातून रोजच्या भाड्याने पुस्तक नेणारा वाचक वेगळा. त्या वाचकाला गोष्ट हवी होती. तुम्ही पुण्यातल्या आरामखुर्चीतून पन्नास वर्षांपूर्वीच्या लेखकाला दंड लावताय.

नागझरी
आरामखुर्ची? माझे वडील गिरणीत होते. पुस्तकं भाड्यानेच यायची, आणि त्या वाचकाला मूळ लेखकाचं नाव कळलं असतं तर तो बेशुद्ध पडला नसता. गरीब वाचकाला नाव सांगायची गरज नाही, हे तुमचं म्हणणं मला फार लागलंय. तो वाचक आमच्या घरात होता.

रात्रपाळी
श्रेयाचं निघालंच आहे तर माझंही ऐका. एका ऑडिओ कंपनीसाठी मी एका जुन्या कथेचं रूपांतर केलं. संवाद सगळे नवे, शेवट नवा, मूळ कथेतली एक मुकी मुलगी मी निवेदक केली. प्रसिद्ध झालं तेव्हा मूळ लेखकाचं नाव, वाचणाऱ्या कलाकाराचं नाव, माझं कुठेच नाही. विचारलं तर म्हणाले, 'श्रोत्याला मूळ लेखकच हवा असतो.' म्हणजे जुन्या नावावर नवा माल विकायचा, आणि माल करणारा अंधारात. म्हणून कंदील यांचा शेवटचा मुद्दा मी कितीही नाकारला तरी तो मला बोचतोय. नाव दोघांचं हवं. पण ते म्हणतात तसं 'बदलूच नका' हे मान्य नाही म्हणजे नाही.

गिरगावची_सून
तुम्हा सगळ्यांना मोबाईल आणि श्रेय यांचीच चिंता. जुन्या रहस्यकथांतल्या बायकांचं काय? सुंदर असायचं, पळवलं जायचं, शुद्ध हरपायची. खलनायकाचा रंग काळा, नाहीतर तो अमुक जमातीचा. अर्नाळकरांच्या झुंजारची मी भक्त आहे, सासऱ्यांच्या ट्रंकेत पुस्तिका होत्या त्या सगळ्या वाचल्या. पण मुलीला मोठ्याने वाचून दाखवताना काही वाक्यं मी गाळली आणि मला त्याची लाज वाटत नाही. छापतानाही गाळावीत.

कंदील
घरात वाचताना गाळणं हा आईचा हक्क. छापताना गाळणं म्हणजे तो काळ असा नव्हताच असं सांगणं. रोआल्ड डालच्या बालपुस्तकांत २०२३ मध्ये प्रकाशकाने शब्द बदलले, गदारोळ झाला, आणि मूळ आवृत्तीही बाजारात ठेवू असं त्यांना जाहीर करावं लागलं. प्रस्तावना लिहा, टीप द्या, काय खटकतं ते स्पष्ट सांगा. वाक्य मात्र राहू द्या.

गिरगावची_सून
म्हणजे दोन्ही आवृत्त्या राहिल्या. मग राहू द्या ना इथेही दोन. तुमचा 'दोनच रस्ते'वाला हट्ट तिथेच मोडला.
आणि टीप दहा वर्षांचं मूल वाचत नाही. गाळायची गरज मुलीच्या तोंडून 'म्हणजे काळी माणसं वाईट असतात का?' ऐकल्यावर कळते.

तालुका_वाचनालय
वाचनालयात रोज बसणारा माणूस म्हणून सांगतो. २०२४ मध्ये 'तुंबाड' पुन्हा थिएटरात लागला तेव्हा कॉलेजची मुलं येऊन विचारायची, ती मूळ 'आजी' कुठल्या पुस्तकात आहे? एकानेही 'सोपी करून दिलेली आहे का' असं विचारलं नाही. पुस्तक घेऊन गेली, वाचली, आणखी धारप मागितले. ट्रंककॉल म्हणजे काय हे एका मुलीने विचारलं. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार असायचे, जितकी घाई तितके जास्त पैसे, असं सांगितलं तर म्हणाली, 'ही तर वेगळीच गोष्ट होईल.' तिला अडचण वाटली नाही, गंमत वाटली.

कथा मरते ती पुस्तक न मिळाल्याने. साकेत प्रकाशनाने धारप पुन्हा छापले म्हणून माझ्या कपाटात आहेत. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, त्यातली आज मला किती मागवता येतात? निवडक काही निघाली, बाकीची रद्दीत. 'नवल', 'धनंजय', 'चंद्रकांत' या नियतकालिकांच्या जुन्या अंकांत किती चांगल्या भयकथा पडल्यात, ज्यांचे संग्रह झालेच नाहीत. पोस्टवाल्या लेखकाला पुनरुज्जीवन करायचंय ना, तर आधी ते अंक शोधून स्कॅन करा. कागद हातात तुकडे होऊन येतोय.

रात्रपाळी
हे मात्र शंभर टक्के. दुरुस्तीवर भांडायला कथा तर हातात हवी.

ऱ्हस्वदीर्घ
कंदील, 'आहे तशी छापा' म्हणता, पण तशी कुणी छापतं का? १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचं कुठलंही पुस्तक काढा. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांतले अनुच्चारित अनुस्वार आजच्या आवृत्तीत कुठे गेले? परिच्छेद तोडले, विरामचिन्हं बदलली. हा हस्तक्षेप तुम्ही वर्षानुवर्षं आनंदाने वाचताय. मग रेषा नक्की कुठे ओढणार?

कंदील
लेखनपद्धतीचा बदल मी धरत नाही, त्याने घटना बदलत नाही. पण मुद्दा बिनचूक आहे. आवृत्तीत काय बदललं हे प्रकाशकांनीही छापायला हवं, आणि कुणी छापत नाही. इतकं मान्य.

एडिसनकर
न्यू जर्सीहून लिहितोय. इथे मराठी शाळेत आम्ही मुलांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे शाळकरी बन्या, वाचायला देतो. २०१७ चा सिनेमा आधी दाखवला. त्यात बन्या शाळकरी नाही, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला पुण्यात आलेला मोठा मुलगा आहे, घोटाळाही आजचा. तरी त्याचं ते 'ट्टॉक्' तेच, आणि खुद्द भा. रा. भागवतच त्यात एक पात्र, दिलीप प्रभावळकरांनी केलेलं. मुलांनी सिनेमानंतर विद्याभवन शाळेतला मूळ बन्या मागितला. सायकलवरचा, फुरसुंगीचा. बदललेल्या गोष्टीने मूळ गोष्टीकडे नेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कायद्याचंही बोलू. कॉपीराइटची मुदत म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं धरा. अर्नाळकर १९९६ ला गेले, म्हणजे २०५६ संपेपर्यंत हक्क वारसांकडे. धारप २००८ ला, म्हणजे २०६८. तोवर परवानगीशिवाय कुणी हात लावू शकत नाही. शिवाय कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ आहे, लेखकाची प्रतिष्ठा दुखावेल अशा मोडतोडीविरुद्ध वारस उभे राहू शकतात.

कंदील
फास्टर फेणेचं उदाहरण मला मान्य करावंच लागेल, कारण ते माझ्या दुसऱ्या रस्त्यावरच आहे. नवी गोष्ट, आणि मूळ लेखकाचं ऋण थेट पडद्यावर.

रात्रपाळी
चला, म्हणजे बदल चालतो, फक्त तुमच्या रस्त्यावर चालला पाहिजे.

एक सांगतो, मग थांबतो. मांत्रिकाच्या जागी समुपदेशक बसवणं मलाही पटलं नाही, ती चव गेली. पण महाराष्ट्रात २०१३ चा नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा आहे. आज गावात मांत्रिक आला तर कुणीतरी पोलिसांना कळवू शकतं. आणि कळवणाराच सकाळी वेगळ्याच आवाजात बोलू लागला तर? ही कथा धारपांना लिहिता आली नसती. मी लिहितोय. कुठल्या जुन्या कथेवरून सुचली ते पहिल्या पानावर असेल, आणि खाली माझं नाव मी या वेळी करारातच घालून घेतलंय.

नागझरी
लिहा, वाचू. पण खारावारा यांनी वाचनालयाच्या वाचकाबद्दल जे म्हटलं ते त्यांनी मागे घेतलेलं नाही.

खारावारा
वाचकाला कमी लेखायचं नव्हतं. तेवढं मागे घेतो. दातार आणि धारप यांच्याबद्दलचं एक अक्षरही मागे घेणार नाही.

तालुका_वाचनालय
'नवल'चे साठच्या दशकातले अंक कुणाच्या माळ्यावर असतील तर पावसाळ्याआधी कळवा. स्कॅनर आमच्याकडे आहे, अंक परत मिळतील.