पालकांच्या गटासाठी 'ओळखा पाहू' खेळ सुचवा (बजेट ४००, मुलांचे फोटो नकोत)

गोदाकाठची (मंगळवार, सकाळी ११:०५)
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत बालवाडीच्या वयाच्या मुलांच्या पालकांचा व्हॉट्सॲप गट आहे. ३८ जण. सकाळी गुलाबाची फुलं येतात, दुपारी 'टँकर आला का?' येतं, संपलं. परवा नव्याने राहायला आलेली एक आई लिफ्टमध्ये म्हणाली, गटात आहे पण कोण कुणाची आई तेच कळत नाही. म्हणून शनिवारी रात्री साडेनऊला, मुलं झोपली की, अर्धा तास अंदाज बांधायचे खेळ घ्यावेत असं डोक्यात आहे. अटी तीनच. मुलांचे फोटो नकोत, दोन घरांनी स्पष्ट नाही म्हटलंय. गटात चार आज्या आहेत, त्यांना जमलं पाहिजे. आणि बक्षिसांसकट सगळा खर्च ४०० रुपयांत. सुचवा.

चिमणीची_आई (११:२०)
अगं सोप्पं आहे! सगळ्यांनी आपल्या बाळाचा पहिल्या महिन्यातला फोटो टाकायचा आणि कोणाचं बाळ ते ओळखायचं. आम्ही केलं होतं, नुसता कल्ला झाला. माझी चिमणी सगळ्यांनी लगेच ओळखली, तिचे डोळेच तसे आहेत.

गोदाकाठची (११:२४)
मुलांचे फोटो नकोत म्हटलंय ना गं वर.

चिमणीची_आई (११:३१)
अय्यो, शीर्षक वाचून थेट लिहायला बसले. मग फक्त पावलांचे टाका.

डबल_शिफ्ट_बाबा (१२:०२)
मुलांचे नको तर आईबापांचे लहानपणीचे टाका. आम्ही हेच केलं. जवळजवळ प्रत्येकाकडे तो स्टुडिओतला फोटो निघतोच: मागे धबधब्याचा पडदा, गालाला तीट आणि कानाला लाल प्लास्टिकचा फोन. फोटो एकाच माणसाकडे जमा करा, नाहीतर पाठवणाऱ्याचं नाव वरच दिसतं. आमच्यात पहिल्या दोघांनी थेट गटातच टाकले, खेळ तिथेच आटोपला. माझा फोटो फ्रॉकमधला आहे (आमच्या आजीला नातीची हौस, नशिबी चार नातू). २२ जणांनी मला कुणाची तरी आई ठरवलं. त्या दिवसापासून पार्किंगमध्ये लोक हसून हात करतात. त्याआधी दोन वर्षं कुणी मान वर करून बघत नव्हतं.

हातवळणाचे_मोदक (१२:१५)
बक्षिसांचं आधी बघा. आम्ही प्रत्येकी ६५० चे हॅम्पर केले होते, त्यात सुगंधी मेणबत्ती, ड्रायफ्रूट, छोटं रोप. लोक वर्षभर नाव काढत होते. कमी किमतीचं दिलं तर माणसं पुढच्या वेळी येत नाहीत. हवा तर नंबर देते, घरपोच करतात.

गोदाकाठची (१२:१९)
ताई, ४०० एकूण. प्रत्येकी नव्हे.

हातवळणाचे_मोदक (१२:४०)
हो वाचलं. पण थोडी वर्गणी काढलीत तर होईल की.

खडूस_काका (१२:५५)
वर्गणी म्हटलं की ३८ चे ८ उरतील. आमच्या गणपतीचा अनुभव आहे. आधी टँकरचे पैसे वसूल करा, मग खेळा.

जर्सीची_वहिनी (दुपारी १:१०, आमच्याकडे मध्यरात्र उलटलीय)
गटात कुणी गरोदर आहे का? असेल तर बाळ कोणत्या तारखेला येणार आणि वजन किती भरणार, याचे अंदाज घ्या. इकडे प्रत्येक डोहाळजेवणात करतात. आणि आपला पेढा-बर्फीचा खेळ आहेच, दोन वाट्या झाकून ठेवायच्या. ऑनलाइनही जमतो, तिने 'डावी' म्हणायचं, नवऱ्याने उघडायची.

सरकारी_सुई (१:३२)
पेढा निघाला तर मुलगा आणि बर्फी निघाली तर मुलगी, हा खेळ मला आता नको वाटतो. मी प्रसूतिकक्षात १९ वर्षं काढली आहेत. बर्फी निघाल्यावर सासूचा चेहरा पडलेला खेळातही पाहिलाय आणि खऱ्यातही. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानावर देशात सगळ्यात आधी कायदा केला, केंद्राचा १९९४ चा त्याच्यानंतरचा. तो का करावा लागला, ते आठवा.

जर्सीची_वहिनी (१:३८)
अहो वाटीतला पेढा म्हणजे सोनोग्राफी नव्हे! कुठला विषय कुठे नेताय. माझ्या वेळी बर्फी निघाली होती आणि झाला मुलगा.

सरकारी_सुई (१:५०)
कायदा मोडतो असं म्हणतच नाहीये. चेहरा पडतो असं म्हणतेय. तारखेचा अंदाज घ्या खुशाल, तो निखळ मजेचा आहे. डॉक्टरांनी दिलेल्या नेमक्या तारखेलाच येणारी बाळं शंभरात चार-पाच, त्यामुळे सगळे सारखेच चुकतात. वजनाचा मात्र टाळा. गटात एखादीचं बाळ दीड किलोचं जन्मून काचेच्या पेटीत महिनाभर राहिलेलं असतं. ती बोलत नाही, पण गटातून निघून जाते.

गोदाकाठची (१:५८)
हे वजनाचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. धन्यवाद ताई. वजन बाद.

निवृत्त_मास्तर (२:२०)
बरणीत चिंचोके भरून फोटो टाका आणि किती ते विचारा. खर्च शून्य, आज्यांना जमतं, नुसता आकडा लिहायचा. मी शाळेत दर वर्षी घ्यायचो.
गंमत सांगतो. १९०६ साली इंग्लंडात प्लिमथच्या पशुप्रदर्शनात एक बैल उभा केला होता. कापून साफ केल्यावर त्याचं वजन किती भरेल, ते तिकिटावर लिहायचं. तिकीट सहा पेन्सांचं. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने ती तिकिटं मिळवली. ७८७ नीट वाचता आली. आकडे चढत्या क्रमाने लावून बरोबर मधला पाहिला तर १२०७ पौंड. खरं वजन ११९८! एक टक्क्याचीही चूक नाही. खाटीक होते, शेतकरी होते आणि ज्यांना बैलातलं काही कळत नाही असेही होते.

खडूस_काका (२:३१)
मास्तर, नाशिकच्या आया बैल कापणार नाहीयेत.

निवृत्त_मास्तर (२:४४)
मुद्दा पुढे आहे, थांबा की जरा. ते जमलं, कारण प्रत्येकाने दुसऱ्याचं न बघता लिहिलं होतं. तुमच्या गटात पहिल्याने '३००' टाकलं की पुढचे सगळे २८० ते ३२० मध्येच घुटमळणार. म्हणून उत्तरं गटात नकोत, एकाच माणसाकडे खाजगीत जाऊ द्या आणि वेळ संपली की एकदम जाहीर करा. व्हॉट्सॲपचा पोल तर मुळीच नको. त्यात कुणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं, आणि पर्यायही बाराच देता येतात.

तुळस_गॅलरी (३:०५)
मास्तरांशी सहमत. आणि चिंचोके आधी दोघांनी वेगवेगळे मोजा. मी एकटीने मोजले २१४. बरणी ओट्यावर ठेवून आंघोळीला गेले, तेवढ्यात आमच्या धाकट्याने मूठभर काढून त्यांची गाडी-गाडी खेळली. बक्षीस देऊन झाल्यावर सोफ्याखाली १७ सापडले. अजून त्या मैत्रिणीला सांगितलेलं नाही.

वऱ्हाडी_ठेचा (३:३०)
कोडी घाला की. आज्याच जिंकतील. 'सुपभर लाह्या, त्यात एक रुपया.' 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे.' 'पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब.' 'कोकणातून आला भट, धर की आपट.'

चिमणीची_आई (३:३४)
चांदण्या-चंद्र, दात-जीभ, मक्याचं कणीस, नारळ. झालं!

वऱ्हाडी_ठेचा (३:३६)
शेवटचं चुकलं. शेंबूड.

चिमणीची_आई (३:३७)
ईई. नारळच. कोकणातून शेंबूड कसा येईल?

वऱ्हाडी_ठेचा (३:४१)
कोकण म्हणजे नाक हो! हाताने धरायचा की जमिनीवर आपटायचा? नारळ कोण आपटतं, नारळ फोडतात.

खडूस_काका (३:४५)
आमच्या रत्नागिरीत दोन्ही चालतं. भटाला विचारायचं राहून गेलं.

डबल_शिफ्ट_बाबा (३:५२)
कोडी गटात चालत नाहीत. कुणीतरी गुगल करून बाराव्या सेकंदाला उत्तर टाकतो. चित्रांवरून म्हणीसुद्धा करून पाहिल्या, 'आंधळं दळतं' साठी फोनमध्ये जात्याचं चित्रच नाही. मी मिक्सर शोधला, तोही नाही. शेवटी काळा चष्मा, पोळी आणि कुत्रा टाकला. सगळ्यांना वाटलं कुत्र्याला ऊन लागलंय.

तुळस_गॅलरी (४:१०)
अगं, भोंडल्याची खिरापत आहे की! डबा वाजवायचा आणि आत काय ते ओळखायचं. व्हॉइस नोट टाक. 'गोड की तिखट?' 'कोरडी की ओली?' असे पाच प्रश्न विचारायची मुभा. लहानपणी आमच्या गल्लीत आईची खिरापत कधी कुणाला ओळखता आली नाही. ती डब्याला आतून फडकं गुंडाळायची, म्हणजे चकलीसुद्धा शिऱ्यासारखी गप्प बसायची.

हातवळणाचे_मोदक (४:१८)
आमची आई दडप्या पोह्यांच्या डब्यात दोन सुपाऱ्या टाकायची. सगळ्या 'लाडू लाडू' ओरडायच्या.

तुळस_गॅलरी (४:२०)
ही लबाडी झाली ताई. फडकं चालतं, सुपारी नाही.

वऱ्हाडी_ठेचा (४:२६)
आमच्याकडे भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर, रोज खाऊ ओळखायचा. तुमचे नऊच दिवस.

निवृत्त_मास्तर (४:३३)
नऊ दिवस भोंडल्याचे. हादगा हस्त नक्षत्र लागलं की सुरू होतो, तो सोळा दिवस. आणि गोदाकाठचीने शनिवारबद्दल विचारलंय, नवरात्राबद्दल नाही.

डबल_शिफ्ट_बाबा (४:४०)
व्हॉइस नोटवर डबा? माझं कामच आवाजाचं आहे, ऐका. फोन माणसाचा आवाज उचलायला बनवलेला असतो. बाकीचा खडखडाट तो गोंगाट समजून दाबतो, वर पाठवताना आणखी आवळतो. शेंगदाणे, साबुदाणा, बटणं, सगळं एकसारखं 'खर्र' वाजेल. फोटोच घ्या.

सरकारी_सुई (४:५५)
पालकांचे फोटो, +१.

निवृत्त_मास्तर (५:०२)
चिंचोके नाही तर फोटो. डबा नको.

चिमणीची_आई (५:१०)
मीपण फोटोच म्हणत होते पहिल्यापासून.

गोदाकाठची (रात्री १०:१५)
सगळ्यांचे आभार. फोटोंवर जवळपास एकमत दिसतंय, पण दोन अडचणी आहेत. आमच्या गटात तिघींचं माहेर लांब आहे, जुने फोटो मागवायला वेळ नाही. आणि एकीच्या माहेरी पुरात सगळे अल्बम गेले, तिला विचारायचं कसं? डब्याला माहेर लागत नाही. मी डबाच वाजवणार. उत्तरं मात्र मास्तर म्हणतात तशी माझ्याकडे खाजगीत.

डबल_शिफ्ट_बाबा (१०:२१)
आवाज कळणार नाही. लिहून ठेवा.

गोदाकाठची (रविवार, सकाळी ९:४०)
बाबा, तुमचं खरं ठरलं. काही म्हणजे काही कळलं नाही.
स्टीलच्या चपट्या डब्यात साबुदाणा भरला आणि स्वयंपाकघराचं दार लावून बारा सेकंद वाजवला. ३८ पैकी २६ उत्तरं आली, एरवी दोन येतात. नऊ जणांनी तांदूळ, पाच जणांनी मोहरी, चौघांनी शेंगदाणे. बाकी एकेक. बी विंगमधल्या एका बाबांनी 'फर्निचरबरोबर येतात ते उरलेले स्क्रू' असं लिहिलं. एका आजींनी 'डबा रिकामा आहे, तुझ्या बांगड्या वाजतायत' असं कळवलं. साबुदाणा एकालाही आला नाही.
मग भांडण झालं, छान भांडण. स्टीलमुळे आवाज बदलतो म्हणून तिघींनी आपापले डबे वाजवून पाठवले. मग बाबालोकांचे टूलबॉक्स सुरू झाले. साडेनऊला सुरू केलं ते अकराला मीच 'झोपा आता' म्हटलं. अल्बम गेलेल्या मैत्रिणीने तिचा पितळी डबा वाजवला, तो पुरातून वाचलेला आहे म्हणे. लिफ्टमधली ती नवी आई पुढच्या शनिवारी वाजवणार आहे. तिच्याकडे काहीतरी न वाजणारं आहे असं ती सांगते.
४०० तसेच आहेत. उत्तरच कुणाचं बरोबर नाही तर बक्षीस कुणाला देऊ?

तुळस_गॅलरी (९:५२)
स्क्रूवाल्याला दे.

खडूस_काका (१०:०५)
टँकरला द्या.

हातवळणाचे_मोदक (१०:१२)
साबुदाणा भिजवलेला होता का? भिजवलेला वाजत नाही, कोरडा हवा.

नवी_पालवी (दुपारी १२:३०)
आताच धागा पाहिला, सगळा वाचला नाही. प्रत्येकाने आपल्या बाळाचा फोटो टाकायचा आणि इतरांनी ओळखायचं, असं करा. आमच्याकडे खूप चाललं.