वर्दीत धर्म कुठवर? दाढी, पगडी, इष्टलिंग

अक्कलकोट रोड
भाचा फौजेच्या भरतीसाठी रोज पहाटे पळतो. पळताना आम्हा लिंगायतांचं गळ्यात घालायचं, चांदीच्या डबीतलं इष्टलिंग छातीवर आपटतं म्हणून दोरा बनियनला पिन लावून ठेवतो. ताई विचारते, "फौजेत हे काढायला लावतील का रे?" तेव्हापासून डोक्यात हेच आहे. माझं मत: वर्दी सगळ्यांना एक. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानंही दाढी राखल्यामुळे २००८ मध्ये हवाई दलातून काढलेल्या मुस्लिम जवानाचं अपील फेटाळलं. ते बरोबरच झालं.

नई जिंदगीकर
एक म्हणता, मग शीख जवानाची पगडी आणि दाढी? ती हवीच, त्यांच्या शौर्याला माझा सलाम आहे. पण नियम असा की ज्याच्या धर्मात केस कापायला मनाईच आहे त्याला सूट. मग माझ्या धर्मात काय सक्तीचं, हे कोर्टात सिद्ध करत बसायचं का? त्या खटल्यात नेमकं तिथंच अडलं. नौदलात तर परवानगी घेऊन कुठल्याही धर्माचा माणूस पूर्ण दाढी राखतो. जहाजावर चालतं ते हवाई दलाच्या तळावर का चालू नये?

माजी सुभेदार
गॅस मास्क घालून बघा की ओ. दाढी असली की रबर गालाला घट्ट बसत नाही. इष्टलिंगाचं म्हणाल तर आमच्या पलटणीत माळ, जानवं, ताईत सगळं होतं, फक्त शर्टाच्या आत. ताईंना सांगा, काळजी करू नका.

नई जिंदगीकर
सुभेदार साहेब, विषारी वायू धर्म बघून आत शिरत नाही. मास्क हेच कारण असेल तर ते सगळ्यांना लावा. नसेल तर दुसरं कारण सांगा.

माजी सुभेदार
दुसरं कारण पलटण. जवान आरतीला उभे असतात तेव्हा साहेबही सोबत हवा. थ्री कॅव्हलरी या रणगाड्यांच्या पलटणीतल्या ख्रिस्ती अधिकाऱ्यानं मंदिराच्या गाभाऱ्यात जायला नकार दिला. वरिष्ठांनी पुष्कळ समजावलं. २०२१ मध्ये बडतर्फ केलं, २०२५ मध्ये आधी दिल्ली हायकोर्टानं आणि नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं ते कायम केलं. घटनेचं कलम ३३ उगाच नाही. फौजींचे हक्क कमी करायची मुभा संसदेला त्यातूनच आहे.

पंढरपूर नाका
इथं मी सुभेदारांच्या विरुद्ध आहे, आणि मी माळकरी आहे. तो माणूस जवानांबरोबर मंदिरात जात होता, गुरुद्वारात जात होता. फक्त आत, पूजेच्या जागी जायला नको म्हणाला. आषाढीला लाखो लोक नुसतं कळसाला हात जोडून परत फिरतात. त्यांनी विठ्ठलाचा मान राखला नाही, असं कुणी म्हणतं का? अंगणापर्यंत आलेल्या माणसाची नोकरी घेणं मला पटत नाही.

माजी सुभेदार
माउली, वारकरी स्वतःसाठी येतो. अधिकारी जवानांसाठी उभा असतो. उद्या त्याच्याच हुकमावर ती पोरं जीव देणार आहेत.

अक्कलकोट रोड
नई जिंदगीकर, मास्कच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. सुरुवातीला "बरोबरच झालं" लिहिलं ते मागे घेतो. शर्टाच्या आत काय, यात कुणी पडू नये. दाढीचं कारण मात्र कामाचं असावं आणि प्रत्येकाला सारखं लागावं. ताईला सुभेदारांचं उत्तर वाचून दाखवलं. तिनं लगेच दोरा थोडा आखूड करून दिला.