बार्बाडोस आणि त्रिनिदाद: व्हिसा व स्थलदर्शन

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव):
येत्या फेब्रुवारीत आईवडिलांसह बार्बाडोस व त्रिनिदाद पाहण्याचा विचार आहे. आमचे पासपोर्ट भारतीय असून अन्य कोणत्याही देशाचा व्हिसा नाही. व्हिसा आधी काढावा लागतो का, आणि वडीलधाऱ्यांना झेपेल असे काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया कळवावे.

उत्तर (खानापूर):
दोन्ही देशांत भारतीय पर्यटकांना अल्प मुदतीसाठी व्हिसा लागत नाही. मात्र परतीचे तिकीट आणि हॉटेलचे आरक्षण हाताशी ठेवावे. खरी मेख वाटेत आहे. भारतातून थेट विमान नसल्याने आपण मायामीमार्गे गेलात, तर केवळ विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो, आणि लंडनमार्गे गेल्यास ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा काढावा लागतो. म्हणून स्वस्त तिकिटाला भुलण्यापूर्वी मार्ग पक्का करावा.

उत्तर (निपाणी):
वरील माहितीत एक भर घालतो. त्रिनिदादहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचे प्रमाणपत्र लागते व ते लस घेतल्यापासून 10 दिवसांनी ग्राह्य होते. साठी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच लस घ्यावी.

बार्बाडोसची हॅरिसन गुहा ट्रॅममध्ये बसून पाहता येते, त्यामुळे आईवडिलांची पायपीट वाचेल. त्रिनिदादमध्ये वॉटरलू येथील समुद्रातले मंदिर आणि संध्याकाळी कॅरोनीच्या दलदलीत होडीतून दिसणारे, झाडांवर उतरणारे लालभडक आयबिस पक्षी माझ्या मते कोणत्याही किनाऱ्यापेक्षा सरस आहेत. आणखी एक, बार्बाडोसमध्ये लष्करी छापाच्या कपड्यांना कायद्याने बंदी आहे. तसे कपडे लहान मुलांनाही चालत नाहीत.