मदत हवी आहे: महिला मंडळाची व्याख्यानं, फेब्रुवारीचं काय करावं?

नमस्कार. नाशिकमध्ये आमच्या महिला मंडळाची व्याख्यानं जून ते मार्च, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी 4 वाजता असतात. 45 मिनिटं भाषण, 20 मिनिटं प्रश्न, मग चहा. गणपती-गौरी आणि पितृपक्षामुळे सप्टेंबर मोकळाच ठेवतो.

अडतंय फेब्रुवारीत. विषय कुसुमाग्रजांची कविता, म्हणून 27 तारीख हवी. पण त्या दिवशी मराठी भाषा गौरव दिन, गावातले सगळे वक्ते आधीच ठरलेले. आठवडाभर आधी घ्यावं, की मार्चमध्ये? 8 मार्चला तर त्याहून ओढाताण. वक्त्याला किती महिने आधी विचारता?

जानेवारीत हळदीकुंकू जोडलं की वाण वाटायला सुरुवात होताच मागच्या रांगा उठतात. वाण शेवटी, दाराशी दिलं तर चालेल का? (रागावणाऱ्या रागावतीलच.)

शिवाय माइक. हॉल 80 खुर्च्यांचा. स्पीकर वक्त्याच्या मागे ठेवले की शिट्टी वाजते, हे कळलं. आता ते पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असतात. तरी कॉलर माइकचा आवाज वाढवला की पुन्हा तेच. हातातला माइक बरा का? मानधन पाकिटात देता की खात्यावर, तेही सांगा.