मदत हवी आहे : कारवान, पश्मी ही नावं आपल्या भागात कशी रुजली?

नमस्कार मंडळी. मी जतचा. घरी कारवान कुत्री आहे. पुतणीच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी आम्ही कुत्र्यांच्या जातींच्या नावांचा तक्ता करतोय.

परदेशी नावांचं काम सोपं गेलं. डॉबरमन हे जर्मनीतल्या कर वसूल करणाऱ्या माणसाचं आडनाव, रॉटवायलर हे रॉटवाइल गावावरून, आणि डाक्सहुंड म्हणजे बिजूच्या शिकारीचा कुत्रा.

अडलंय ते आपल्याच कुत्र्यापाशी. सीमेपलीकडे कर्नाटकात याला मुधोळ म्हणतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला जोडी भेट दिली, तिथून ते नाव गाजलं. २००५ साली टपाल तिकिटावरही मुधोळच आलं. आपल्याकडे मात्र कारवान. कारवान म्हणजे तांडा; तांड्यांबरोबर हे कुत्रे आले म्हणून, असं सांगतात. कानाशेपटीला झुपकेदार केस असले की पश्मी; फारसीत पश्म म्हणजे लोकर.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण इकडच्या जाणत्यांनी सांगावं: तुमच्याकडे धनगर, पारधी मंडळी याला काय म्हणतात? रंगावरून, अंगलटीवरून वेगळी नावं आहेत का? आजोबा-पणजोबांच्या तोंडचं नाव आठवत असेल तर गावासकट जरूर लिहा. ही नावं तक्त्यात यायलाच हवीत.