कमरेला रिव्हॉल्व्हर लावायचं आहे, होल्स्टर कोणतं घेऊ?

कोरेगावचा फौजी

राम राम मंडळी. मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो, आता साताऱ्यात एका पतसंस्थेत सुरक्षारक्षक आहे. लायसन्स माझ्या नावावर, हत्यार कानपूरचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर. नोकरीत सगळी वर्षं रायफल खांद्याला वागवली, कमरेला हत्यार कधी लावलंच नाही. त्यामुळे या बाबतीत मी नवखाच.

आमचे चेअरमन म्हणतात, कमरेला दिसलं पाहिजे, चोराला लांबूनच कळलं पाहिजे. म्हणून साडेतीनशे रुपयांचं रेक्झिनचं कव्हर आणलं नि नेहमीच्या पँटच्या पट्ट्यात ओवलं. वजनानं ते खाली लोंबतं. परवा मोटरसायकलवरून येताना माहुलीच्या पुलाजवळ खड्ड्यात दणका बसला आणि कव्हरचं बटण सुटलं. हात लावून बघतो तर मूठ अर्धी बाहेर. गाडी बाजूला घेतली, पाच मिनिटं हातपाय कापत होते.

चामड्याचं घेऊ की प्लास्टिकचं? कुठल्या बाजूला लावू? आणि आपल्याकडच्या पावसात काय टिकेल?

मिरजेचा आर्मरर

हवालदारसाहेब, राम राम. मी फौजेत आर्मरर होतो. बावीस वर्षं हत्यारं उघडण्यात नि जोडण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ते रेक्झिन आजच कापून टाका, दुसऱ्या कुणाला देऊही नका. माझ्या डोळ्यांदेखत एका रक्षकाच्या मऊ कव्हरची झिजलेली कड आत दुमडून ट्रिगरपाशी गेली. त्यानं रिव्हॉल्व्हर जोरानं खाली दाबलं आणि गोळी सुटली. बुटाची कड फोडून जमिनीत गेली, माणूस वाचला. ट्रिगरवर बोट नव्हतंच, तिथं कव्हरच पोचलं होतं. म्हणून होल्स्टरचं तोंड कडक हवं, हत्यार बाहेर काढल्यावरही उघडं राहणारं. ट्रिगर आणि त्याची कडी पूर्ण झाकली गेली पाहिजे, नि बाहेरून बोटानं दाबली तरी ती बाजू आत जाता कामा नये. हत्यार परत ठेवताना घाई करू नका. खाली बघा, शर्टाचं टोक किंवा रेनकोटची दोरी आत जात नाही ना ते पाहा, मगच सरकवा.

चेअरमनना नियम दाखवा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन न्यायची तर अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये किंवा सॅकसारख्या पिशवीत, पूर्ण झाकलेली आणि आपल्या ताब्यात राहील अशी. मूठ मिरवायला त्यात जागाच नाही. तेव्हा मूठसुद्धा झाकणारं, जुन्या सर्व्हिस रिव्हॉल्व्हरला असायचं तसं मोठ्या फ्लॅपचं, म्हणजे वरून झाकण येणारं होल्स्टर घ्या आणि वरून जॅकेट घाला. काढायला थोडा वेळ जास्त लागेल, लागू दे. हत्यार काढायची वेळ तुमच्यावर कदाचित कधीच येणार नाही. गाडीवर चढणं-उतरणं, जिने आणि काउंटरसमोरची गर्दी मात्र रोजची आहे.

प्लास्टिकचं पावसात चांगलं, पण ते एकेका मॉडेलच्या साच्यात काढलेलं असतं. दुसऱ्या हत्याराचं तुमच्या रिव्हॉल्व्हरला डगडगेल. मी चामड्याचं सुचवेन. कोल्हापुरी चपलेचं असतं तसं, बाभळीच्या सालीनं नि हिरड्यानं कमावलेलं जाड कातडं मागा. ते भिजवून हत्याराभोवती दाबलं आणि सावलीत वाळवलं की तोच आकार धरतं. मात्र कारागिराकडे स्वतः बसा. जाण्याआधी घरी रिव्हॉल्व्हर उघडून काडतुसांची सहाही घरं रिकामी आहेत हे बघा, बोट घालून पुन्हा चाचपा, काडतुसं कुलपात ठेवा. हत्यार दुकानात ठेवून येऊ नका. परवाना नसलेल्या माणसाकडे ते एक रात्रही राहता कामा नये.

पट्टा हा अर्धा होल्स्टरच समजा. दीड इंच रुंद, दुहेरी शिवलेला, आणि होल्स्टरची फट पट्ट्याला घट्ट बसणारी. फट सैल असली तर हत्यार ओढताना होल्स्टरही वर येतं. जागा उजव्या कुल्ल्याच्या हाडावर. पाठीमागे मणक्यावर कधीच नको, गाडीवरून पडलात तर मणकाच जाईल. सगळं झालं की रिकामं हत्यार घालून फ्लॅप लावा, गादीवर उलटं धरून जोरात हलवा. निसटलं तर ते होल्स्टर बाद.

शौचालयाचं कुणी बोलत नाही, मी बोलतो. हत्यार खिडकीत किंवा टाकीवर काढून ठेवायचं नाही, विसरून निघून जाणारे मी पाहिलेत. ते होल्स्टरमध्येच, फ्लॅप बंद, पट्टा गुडघ्यांपाशी आवळून धरायचा.

पावसाचं म्हणाल तर ओलं चामडं चुलीजवळ वाळवू नका, तडकतं. आणि रात्री हत्यार त्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं, आषाढात आठवड्याभरात लोखंडावर तांबूस ठिपके दिसतील. तेलाचं फडकं फिरवून वेगळं ठेवा.

कराडची वहिनी

आमच्या ह्यांचंही लायसन्स आहे. पूर्वी घरी आले की पट्टा हत्यारासकट खुंटीला अडकवायचे. एकदा माझा पाच वर्षांचा मुलगा स्टुलावर चढून तो ओढत होता. मी ओरडलेसुद्धा नाही, दचकून हात कुठं जाईल म्हणून. हळूच मागून जाऊन उचललं त्याला. तेव्हापासून रिव्हॉल्व्हर लोखंडी कपाटात आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. भाऊ, होल्स्टर घ्याल तेव्हाच कपाटाचंही बघा.

आणि पालीच्या खंडोबाच्या यात्रेला लावून जाऊ नका. यात्रा, मिरवणूक, शाळा-कॉलेजचं आवार, इथं नेऊ नये अशी अट लायसन्सवरच छापलेली असते. काढून वाचा एकदा.

कोरेगावचा फौजी

आर्मररसाहेब, वहिनी, मनापासून आभार. लायसन्स काढून वाचलं, अट आहे. इतकी वर्षं ते पान उलटलंच नव्हतं. चेअरमनना नियम सांगितला, आधी नाराज झाले, मग पट्ट्याचे पैसे संस्था देईल म्हणाले. उलटं धरून हलवायची परीक्षा त्या रेक्झिनवर करून पाहिली, दुसऱ्याच हिसक्याला हत्यार गादीवर. कातडं ठरवलंय, माप द्यायला शनिवारी जातोय. तोवर रिव्हॉल्व्हर कुलपात आहे नि ड्यूटीवर मी काठी घेऊन उभा राहतोय.